बायडाबाईची गार आणि आरतीचा कांदा

आमच्या वस्तीवर गार पडत नाही. मिरजगावला पडते, पलीकडच्या माळावर पडते, कर्जतच्या बाजूला तर पत्रे फोडून जाते. आमच्याकडे ती एकाच रानात पडते आणि ते रान बायडाबाईचं.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग मोबाईल काढून आभाळाचे फोटो घेतो. त्याने खुशाल हसावं. बायडाबाई गार अडवते. ही विद्या तिला सासूकडून आली आणि विद्येच्या पाठोपाठ तिचे नियमही आले. पाऊस पाडता येत नाही. तसं कोणी विचारायला गेलंच तर बायडाबाई त्याला दारातच फैलावर घेते. गार विरघळवता येत नाही, नुसती वळवता येते. वळवलेली गार कुठे ना कुठे पडायलाच हवी, ती वळवणाऱ्याच्या स्वतःच्या रानात पडते. हात वर असेपर्यंत ढग थोपून राहतो, खाली आले की गार पडते; तोवर बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. आणि या कामाबद्दल कोणाकडून काही घ्यायचं नाही.

हा शेवटचा नियम बायडाबाईपेक्षा आमच्या वस्तीनेच जास्त मनावर घेतला. तिला कोणी धान्य दिलं नाही, लुगडं दिलं नाही, इथवर ठीक होतं. पण पुढे पुढे लोकांना तिला चहा विचारायचीही धास्ती वाटू लागली. तिच्या घरी कोणाचं ताट गेलं नाही, उसनं मीठ गेलं नाही. बांधाला बांध लागून असलेले काकासाहेब तर या बाबतीत सगळ्यांत कडक. तिच्या शेळीने त्यांच्या बांधावरच्या गवताला तोंड लावलं तरी ते हाकलून द्यायचे आणि वर म्हणायचे, "तुज्याच भल्यासाठी, बायडाबाई." नियम पाळायचा म्हटला की आमच्या वस्तीचा हात कोणी धरणार नाही, विशेषतः त्यात आपलं काही जाणार नसेल तर.

गारांचे दिवस शिमग्याच्या आसपास येतात. म्हणून बायडाबाईचं रान हिवाळ्यापासून पडीक. पावसाळ्यात बाजरी होईल तेवढीच. त्यावर वर्ष निघायचं नाही, मग दसरा झाला की तिची लेक आरती आणि जावई कोयते घेऊन श्रीगोंद्याकडे ऊस तोडायला जायचे. बायडाबाई मागे राहायची, कारण ती गेली तर आभाळाकडे कोण बघणार? मला या गोष्टीचा राग यायचा, अजूनही येतो. साऱ्या वस्तीचा गहू सुखरूप घरात यायचा आणि तिची लेक उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत थंडी काढायची.

गेल्या वर्षी आरती गेली नाही, नवऱ्यालाही तिने जाऊ दिलं नाही. "आता कोयता हातात धरायचा न्हाई," ती म्हणाली आणि आईच्या रानात तिने कांदा लावला. हा कांदा हाताला लागला तर कोयता सुटणार होता, नाही तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा फड होताच.

बायडाबाईने एकदाच विचारलं, "गार आली तर?"

"आली तर बघू," आरती म्हणाली.

विहिरीने साथ दिली. कांदा असा पोसला की एका हातात मावेना. उपटून पातीसकट वाफ्यांत वाळत घातला आणि आता उचलायचाच होता, तेवढ्यात एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं. वारा पडला. आम्ही सगळे धावत बायडाबाईच्या बांधावर गेलो, दर वेळी जातो तसेच.

तिने हात वर केले नसते तर गार साऱ्या शिवारावर थोडीथोडी पडली असती. केले तर सगळी तिच्या एकटीच्या रानात. तिने आधी कांद्याकडे बघितलं. लेकीकडे बघायचं टाळलं. मग पलीकडे काकासाहेबांचा काढणीला आलेला गहू बघितला, दर वेळेसारखा बांधात विळा रोवला आणि दोन्ही हात वर केले. ढग पुढे यायचा थांबला. आता तिला बोलता येणार नव्हतं.

आरती रडली नाही. ती वळली आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडावर ओरडली, "इर्जीक! आमच्या रानात इर्जीक हाय! गार पडायच्या आत कांदा शिवरस्त्यावर न्यायचा. जेवायला समदे आमच्याकडं!"

इर्जीक म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. आम्ही जन्मभर एकमेकांच्या इर्जिकीला गेलेली माणसं. पण त्या दिवशी कोणाचा पाय उचलेना.

"पोरी," काकासाहेब म्हणाले, "मदत घेतली तर नेम मोडंल. मग गार वळायची न्हाई, माजा गहू जाईल, समद्यांचा जाईल."

"मदत कोन मागतंय, काका? तुमी राबायचं, आमी जेवू घालायचं. इर्जिकीचं कुनी कुनाचं देनं लागतं का? आजवर कुनी लागलंय का?"

काकासाहेबांनी बायडाबाईकडे पाहिलं. ती ढगावरची नजर काढायला तयार नव्हती, तिच्या तोंडावरून हो की नाही काहीच कळत नव्हतं. काकासाहेबांनी धोतर वर खोचलं.

"जेवायला काय हाय?"

"पिठलं-भाकर."

"मग पाटी आन."

त्यांनी पहिली पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि बांध ओलांडला. आम्ही सगळे माना वर करून उभे. ढग होता तिथेच होता. एक थेंबही पडला नाही.

मग जी झुंबड उडाली ती काय सांगावी! पाट्या, घमेली, गोण्या, बायकांचे पदर, ज्याला जे सापडलं त्यात कांदा. शिवरस्ता कोणाच्या मालकीचा नाही, तिथे ढीग वाढत चालले. विजा डोक्यावर कडाडत होत्या. बायडाबाईचे दंड भरून आले, ती एका अंगाला कलायला लागली. कोणीतरी तिला धरायला धावलं तर आरतीने मागे ओढलं, ते मदत घेणं झालं असतं. आम्ही पळत होतो, धडपडत होतो, एकमेकांना शिव्या घालत होतो आणि मला आठवतंय, मधूनच हसतही होतो. शेवटचं घमेलं काकासाहेबांनीच बाहेर आणलं.

"आई, सोड!" आरती ओरडली.

बायडाबाईने हात खाली सोडले. सगळं आभाळ त्या एका रानात कोसळलं. लिंबाएवढी गार मोकळ्या वाफ्यांवर आपटत होती, उसळत होती, बघता बघता रान पांढरंफेक झालं. दोन हातांवर, रस्त्याच्या कडेला, आम्ही कोरडे उभे होतो आणि आमच्या मागे आरतीचा सगळाच्या सगळा कांदा कोरडा पडला होता. मग असा गलका झाला की मिरजगावपर्यंत ऐकू गेला असेल. मी रडलो, लाजायचं कारण नाही. काकासाहेब तर लहान पोरासारखे नाचले.

बायडाबाई बांधावर बसली होती. आरती तिच्याजवळ धावली. आता आई काय बोलते म्हणून आम्ही सगळे पुढे सरकलो.

"चुलीवर काय हाय?" तिने विचारलं.

"अजून काई न्हाई, आई."

"मग इर्जीक घातलीस कशाच्या जोरावर? ऊठ, पीठ मळ!"

काकासाहेबांची बायको बनुबाई भाकरी थापायला पुढे झाली, तर बायडाबाईने तिचाही हात बाजूला केला. "आज पाव्हनी हायेस तू. बस." भाकरी वेड्यावाकड्या होत होत्या, पण तिने एकही दुसऱ्याला थापू दिली नाही. आरतीने पिठलं वाढलं. त्या अंगणात तोवर कधी पंगत बसली नव्हती. काकासाहेबांनी तिसरी भाकरी मागितली तेव्हा बायडाबाईने पदराने डोळे पुसले आणि ती त्यांच्या ताटात घातली.

दसरा झाला. ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर वस्तीवर आला आणि सवयीने बायडाबाईच्या दारापुढे थांबला. आरती परड्यात कांद्याचं रोप टाकत होती. मुकादमाने हॉर्न वाजवला, मग हाका मारल्या. तिने हाताची माती झटकली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "आमी न्हाई येत. फुडं जा."

ट्रॅक्टर पुढे गेला.