माझ्या नावाचा कौल

“किर्गिझस्तानला लोकांची मुलं डॉक्टर व्हायला जातात. आपली दगड उचलायला निघालीय.”

अत्या स्वयंपाकघरात अम्माला सांगत होती. मी जिन्यावर होते, पाठीवर पोन्नी तांदळानं भरलेली सॅक घेऊन. तंजावूर इतकं सपाट की चढाचा सराव करायचा तर घराचा जिनाच. म्हणून रोज सकाळी मी गच्चीपर्यंत चढत-उतरत होते. अम्मा भात लावायच्या वेळी सॅकमधून लागतील तेवढे तांदूळ काढून घ्यायची आणि दुपारी तेवढेच परत भरून ठेवायची.

“हळू ग, ऐकेल ती,” अम्मा म्हणाली.

“ऐकू दे. ऐकून काय, बोलणार थोडीच आहे?”

हे खोटं नव्हतं. माझी शाळा इंग्रजी, रस्ता तमिळ. घरची मराठी सगळी कळायची, पण तोंडातून उत्तर निघायचं ते तमिळमध्ये, आणि तेही जेमतेम. पाहुणे आले की “काय शिकतेस ग?” हा प्रश्न मला असायचा आणि उत्तर अप्पा द्यायचे. मी मान हलवायची. अप्पा ते मायेनंच करायचे.

पदवी झाली होती. पुढच्या शिक्षणाआधी एक वर्ष मोकळं ठेवायचं मी ठरवलं होतं. किर्गिझस्तानच्या डोंगरात पायवाटा दुरुस्त करणाऱ्या एका लहानशा संस्थेनं मला स्वयंसेवक म्हणून घेतलं होतं. बर्फ वितळताना वाटा वाहून जातात, त्या दगड रचून पुन्हा बांधायच्या. वळणावळणावर रंगाच्या खुणा करायच्या. मेंढपाळांच्या लोकरी तंबूत राहायचं, आणि काम संपलं की घोड्यांवर सामान लादून खिंड ओलांडायची. मी घोडा जवळून पाहिला होता तो लग्नाच्या वरातीत.

का जायचं, हे मी कुणाला नीट सांगितलं नव्हतं. जिथं माझ्या वतीनं बोलायला कुणीच नसेल, तिथं मी काय करते ते मला बघायचं होतं. हे अप्पांना कसं सांगणार?

मुलाखत मोबाइलवर झाली होती. संस्थेच्या बाई म्हणाल्या, “कमी बोलतेस, त्याला हरकत नाही. पण वरून दगड सुटला तर खालच्या लोकांना ओरडून सांगता येईल ना?” मी हो म्हटलं. मग ते खरं आहे का ते बघायला बसनं तिरुवैयारूला गेले. कावेरीच्या काठावर जरा आडबाजूला उभी राहिले आणि ओरडले. पहिल्यांदा घशात खरखर झाली फक्त. दुसऱ्यांदा मात्र असा आवाज निघाला की पायऱ्यांवर कपडे धुणारे एक म्हातारे गृहस्थ धावत आले.

“काय झालं, पोरी? कोण बुडालं?”

“कुणी नाही, ताता. सहजच.”

“सहज?” ते कपाळाला हात लावून परत गेले. मी लाजेनं लाल झाले होते, पण घरी येईपर्यंत बसमध्ये हसत होते.

अप्पांनी नाही म्हटलं नव्हतं. आमच्या घरी असं सरळ नाही म्हणतच नाहीत. ते म्हणाले, “देवीला विचारू.”

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. आमची कुळाची देवी पूर्वजांबरोबर महाराष्ट्रातून आली, पण कौल इथल्या रीतीनं. पांढऱ्या आणि तांबड्या कण्हेरीची फुलं, जिला आम्ही अरळीच म्हणतो, केळीच्या पानाच्या दोन सारख्या पुड्यांत, एकीत पांढरं, दुसरीत तांबडं, बांधायची आणि देवीपुढे ठेवायची. पांढरं निघालं तर हो, तांबडं निघालं तर नाही. ज्याचा प्रश्न त्यानं मोठ्यानं विचारायचा, मराठीतच, आणि त्यानंच पुडी उचलायची. ओरत्तनाडूला बदली घेऊ का, हे अप्पांनी स्वतः विचारलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी अत्यानं खुर्चीत बसून इतक्या मोठ्यानं विचारलं होतं की शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं. फक्त माझे प्रश्न माझ्या वतीनं अप्पा विचारत आले होते. शाळा, कॉलेज, विषय. पोरीला बोलायला जड जातं म्हणून.

शुक्रवारी सकाळी अम्मानं पुड्या बांधल्या. दिवा लावला. अप्पा पुढे झाले, मी मागे. नेहमीसारखीच.

“आई, पोर फार लांब जाऊ म्हणते. पाठवू का?”

पुडी त्यांनीच उचलली. पुडीचा केळीच्या सोपटाचा दोरा सुटेपर्यंत मी त्यांच्या नखांकडे बघत होते.

तांबडं फूल.

मी कौल मानणारी आहे, हे मला हसण्यावारी नेता आलं नसतं. अप्पांचे खांदे मात्र सैल झाले. त्यांना किती भीती वाटत होती, ते मला तेव्हा दिसलं.

“झालं. देवीनं सांगितलं,” ते म्हणाले. “त्यांना आजच मेल टाक, येत नाही म्हणून. तुला जमत नसेल तर मी टाकतो.”

“कोडाईकनालला जाऊन ये ना,” अत्या मऊ आवाजात म्हणाली. “डोंगर काय, तिथंही आहेत. आणि कॉफी चांगली मिळते.”

अम्मा न उघडलेली पुडी उचलायला वाकली आणि मध्येच थांबून माझ्याकडे बघू लागली.

माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. रीत सगळ्यांसाठी सारखी होती, मग माझ्यासाठी ती कोणी बदलली? अप्पांनी बदलली, आणि इतकी वर्षं मी बदलू दिली. हा कौल अप्पांच्या भीतीला मिळाला होता. माझा प्रश्न देवीच्या कानावर गेलाच नव्हता.

मी पुढे झाले. अप्पा बाजूला सरकले. त्यांना वाटलं, नमस्कार करतेय. दुसरी पुडी समोरच होती. मी आता प्रश्न विचारला असता, ती उचलली असती, तर आत पांढरंच होतं, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. तसं फूल मला नको होतं. मी पुडीला हात लावला नाही.

मराठी शब्द एकेक करून जुळवले. कावेरीकाठी निघाला होता तो आवाज आत कुठे आहे ते शोधलं. तो होता.

“आई, तो प्रश्न अप्पांचा होता. माझा मी आज विचारत नाही, तुला सांगते. मी जाणार आहे. मला सांभाळ, आणि मी येईपर्यंत ह्यांनाही सांभाळ.”