बेकरीतला गोवेकर

पेठेतल्या एसटीडी बूथशेजारच्या बेकरीत भट्टीवर एक गोवेकर होता. एकेकाळी गोव्याच्या संघातून फुटबॉल खेळलेला. भिंतीवर त्याच्या गोलाचं पिवळं पडलेलं कात्रण होतं. पाव घेताना मी मुद्दाम विचारायचो, "मामा, ह्यो गोल तुमचाच की?"

फोटोत आडव्या पडलेल्या गोलकीपरवर तो पिठाचं बोट ठेवायचा. "माझं सोड रे. ह्याला बघ, किती उडालाय."

त्या वर्षी आमच्या तालमीच्या फुटबॉल संघानं फायनल मारली. आम्ही मामालाही गुलालानं माखलं. तो मात्र तडक निघाला, हरलेल्या पेठेचा गोलकीपर खांबाला टेकून बसला होता तिकडं.

"मामा, तिकडं कुठं?" मी चिडून ओरडलो.

मामानं गुलालानं भरलेला हात आधी स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला नीट पुसला, आणि मगच त्या पोराच्या खांद्यावर ठेवला.