मुंबईची मयत, आमचा रोवणा

सिनेमात गाणारा तो मोठा गायक गेला, असं रेडिओने सकाळीच सांगितलं. आम्ही बाया धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवायला बांधीच्या चिखलात उतरत होतो. शेत माझ्या काकांचं. त्यांनी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरून हात वर केला, "थांबा! मयत झाली."

आमच्या गावात कोणी गेलं, की प्रेत उठेपर्यंत रोवणा बंद. पण हा माणूस गेला मुंबईत! तरी एकीचाही पाय चिखलात पडेना. शेजारच्या बांध्याही थांबल्या. उपटलेले पऱ्हे उन्हात माना टाकू लागले आणि माझं डोकं तापलं.

काकूंनी काकांना विचारलं, "थे प्रेत कवा उठन, इथून दिसन का जी?"

काकांनी नुसतंच डोकं खाजवलं.

"मंग आपणच पोचवू त्याले," म्हणत काकू चिखलात उतरल्या आणि त्याचंच गाणं सुरू केलं. पुढची ओळ मी ओढली, त्यापुढची पलीकडच्या बांधीने. बघता बघता तलावाच्या पाळीपर्यंत सगळं शिवार गाऊ लागलं. सूर कोणाचाच लागत नव्हता, पण आवाज कोणी खाली आणला नाही.

संध्याकाळी रेडिओ सांगत होता, मुंबईत अंत्ययात्रेला रस्ते पुरले नाहीत. पायाचा चिखल धुता धुता काका रेडिओवरच डाफरले, "आपल्या बांधीतूनबी निघाली होती, थे काहून नाही सांगत?"