माझे कोरडे ओठ आणि प्रणालीची वही

मंगळवारी सकाळी गोंदियाच्या दवाखान्यात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मी एका मुलीच्या अभ्यासाचा धडा झालो... अजून आनंद मावत नाहीये!

मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. नर्सिंग शिकणारी प्रणाली, आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावकडचीच पोरगी, माझी केस लिहीत होती. तिला शिकवणाऱ्या मॅडमनी तिची वही दोनदा परत केलेली. आज सही झाली नाही तर प्रॅक्टिकलला बसता येणार नव्हतं...

मी वही मागून घेतली. तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, हात शिवशिवतातच! तिनं लिहिलं होतं : शरीरात पाणी कमी. कारण : ओठ कोरडे, लघवी गडद पिवळी.

"अगं, हे तर नुसतं दिसणारं झालं. कवितेत आईचे डोळे भरून येतात, ते दिसतं. कशानं भरून आले, ते शोधायचं असतं."

आणि मी रंगलोच... शाळेची ती खिडकी, बाहेर धानाच्या शेतांच्या बांध्या, आत चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणताहेत...

"गुरुजी, कविता राहू द्या. तुम्ही पाणी काऊन नाही पिऊन राहिले, ते सांगा. पाण्याचा जग तर सकाळपासून भरलेलाच हाये!"

डॉक्टरांना 'तहानच लागत नाही' असं ठोकून दिलं होतं. खरं कारण मला एकट्याला ठाऊक... पाणी प्यायलं की लघवीचं भांडं मागावं लागतं. नातीच्या वयाच्या पोरींकडे कसं मागायचं?

पण समोर तिची परीक्षा अडलेली. मान खाली घालून सांगून टाकलं...

ती हसली नाही. "एवढंच ना? पहिल्याच दिवशी सांगाचं होतं!" म्हणत तिनं भांडं खाटेच्या कठड्याला, माझ्या हाताशी अडकवलं, पडदा ओढला. मग कारणापुढची ओळ खोडून लिहिलं : भांडं मागण्याचा संकोच, म्हणून पाणी कमी पिणं. ओठ आणि लघवी गेली खाली, लक्षणांत.

मॅडमनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली! प्रणाली वॉर्डातच टुणकन उडाली. मी त्या आनंदात अख्खा जग संपवला.

जन्मभर पोरांना कवितांचं रसग्रहण लिहायला लावलं... माझं मात्र या पोरीनं केलं, एका ओळीत. सुखी राहा, बाळा.