तिघींपैकी दोघी उतरल्या नाहीत

पोलिओने माझे पाय गेले तेव्हा मी दीड वर्षाची होते. त्यामुळे मला त्याची आठवण नाही आणि दुःखही नाही. दुःख करायचं काम आईकडे होतं. वडील भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क. आमचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर, आणि मी वडिलांच्या पाठीवर बसून शाळेत जायची. त्यांची कंबर गेली तेव्हा मला भिलाईतल्याच अपंग मुलींच्या एका संस्थेत ठेवलं. संस्थेतून बाहेर जायला मनाई नव्हती, फक्त सोय नव्हती.

वर्षातून एकदा तिथे विकलांग दिवस व्हायचा. कोणी मोठे साहेब यायचे आणि तीन मुलींना तीनचाकी सायकली वाटायचे. हाताने दांडा फिरवला की चालणाऱ्या. टाळ्या, हार, फोटो. साहेबांची गाडी गेली की सायकली पुसून कोठीत. पुढच्या वर्षी त्याच पुन्हा वाटायच्या. चौदाव्या वर्षी मला एक मिळाली होती, साधारण पंचवीस मिनिटं.

माझ्या शेजारच्या खाटेवर भंडाऱ्याकडची एक मुलगी होती. तिचे वडील प्लांटमध्येच, कोक ओव्हनच्या भट्टीवर कामाला. संस्थेत सगळे हिंदी बोलायचे, आम्ही दोघी मराठी. त्यामुळे आमचा काहीतरी कट चाललाय, असं तिथल्या मॅडमना कायम वाटायचं. बोलणं बहुतेक वरणाबद्दल असायचं.

मी सतरा वर्षांची असताना पुन्हा माझा नंबर लागला. मला, तिला आणि आणखी एका मुलीला सायकली मिळाल्या. साहेब गेले आणि कोठी सांभाळणारे काका आले. तिसरी मुलगी लगेच उतरली. तिला दोन तासांपासून बाथरूमला जायचं होतं.

मैत्रीण म्हणाली, "मैं नहीं उतरती."

"बेटी, अंदर रखना है."

"मुझे दी है ना? माइक पे बोला."

काकांनी विचार केला. माइकवर बोललेलं त्यांनीही ऐकलं होतं. ते मॅडमना बोलवायला गेले. मी तोवर कॅलिपर बांधलेला एक पाय खाली टेकवला होता.

"तू कावून उतरून राहिली?" तिने मला विचारलं.

न उतरणं असंही काही असतं, हे मला माहीत नव्हतं. मी कॅलिपर परत वर घेतला.

मॅडम आल्या. म्हणाल्या, "ये संस्था की चीज़ है."

"हम भी संस्था के हैं," मैत्रीण म्हणाली, आणि तिने दांडा फिरवला. मीही फिरवला. फाटकावरच्या चौकीदाराला वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. त्याने फाटक उघडून सलाम केला.

सुपेल्याच्या बाजारापर्यंत आम्हाला तासभर लागला. मागून ट्रक हॉर्न देत होते. माझ्या हातांना फोड आले. चौकात तिची चेन उतरली आणि सगळी गर्दी थांबली. पंक्चरवाल्याने चेन बसवून दिली आणि विचारलं, "जाना कहाँ है?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हे आम्हाला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"अवं माय," ती मला म्हणाली, "हे तर ठरवलंच नाही."

मग बाजारातून एक चक्कर मारली. भांड्यांची दुकानं पाहिली, साड्या पाहिल्या. एका बाईने माझ्या मांडीवर केळं ठेवलं आणि डोळे मिटून नमस्कार केला. मैत्रिणीने त्यातलं अर्धं मागितलं. चार वाजता आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावणं गेलं. मॅडम बराच वेळ बोलल्या. वडील दोनदा "सॉरी मॅडम" म्हणाले आणि बाहेर आले.

"सुपेल्यापर्यंत गेली?"

"हाव."

"चौकातून?"

"हाव."

"हाताले लागलं असन." त्यांनी माझे तळवे उलटे-सुलटे करून पाहिले. मग पुन्हा आत गेले. आत काय बोलले ते मला कधीच कळलं नाही. ते मोठ्या आवाजात बोलणारे नव्हते. पण त्या दिवसापासून सायकली व्हरांड्यात राहू लागल्या. पुढच्या वर्षी संस्थेने ब्लँकेटं वाटली.

मैत्रिणीला मात्र न उतरायची सवय लागली. काही वर्षांनी, विकलांगतेचा दाखला ज्या सरकारी ऑफिसात मिळायचा तिथे ती आम्हा नऊ जणांना घेऊन गेली. दाखला वरच्या मजल्यावर मिळायचा. जो चढू शकेल त्याला, चढू शकत नसल्याचा. आम्ही जिन्याच्या तोंडाशी सतरंजी घालून बसलो. बाकीच्यांना आमच्यावरून पाय टाकून जावं लागायचं, तेव्हा ते माफी मागायचे. तिसऱ्या दिवशी साहेब खाली आले. मागून दोन शिपाई त्यांचं टेबल घेऊन आले. ते टेबल पुढे खालीच राहिलं.

माझ्या दाखल्यावर 'कायमस्वरूपी' असं लिहिलं होतं. मी तो वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि दुसऱ्याच दिवशी लॅमिनेशन करून आणला.