आज काय वार हाय, मॅडम?

तेजरामभाऊ गेले त्या दिवशी मी ज्याला ज्याला सांगितलं, त्या प्रत्येकाने एकच विचारलं, "कुठं? हायवेवर?" शाळेत परिपाठ सुरू असताना त्यांच्या मुलीचा, वैशालीचा फोन आला. "मॅडम, बाबा गेले..." एवढंच ती बोलू शकली, आणि खरं सांगते, माझ्याही डोळ्यांपुढे आधी ट्रकच आला. पण तसं काही नव्हतं. एकसष्ट वर्षांचे तेजरामभाऊ सकाळचा चहा पिऊन अंगणातल्या खाटेवर जरा आडवे झाले आणि उठलेच नाहीत. हृदय थांबलं. दीड महिना झाला, लोक अजून तोच प्रश्न विचारतात, म्हणून हे लिहिते आहे. एवढी सायकल चालवलेल्या या माणसाच्या गुडघ्यावर साध्या खरचटण्याचाही डाग नव्हता, आणि ते काही नशीब नव्हतं.

आमची ओळख गोंदियाजवळच्या गोरेगावच्या रस्त्यावरच झाली. मी जवळच्या एका गावात शिकवते, वजन वाढलं म्हणून सायकल घेतली होती. तेजरामभाऊंनी सगळी नोकरी विजेच्या खांबांवर लाईनमन म्हणून काढलेली. निवृत्तीच्या वेळी रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते सायकलवर बसले. एका सकाळी त्यांनी हात दाखवून मला चक्क थांबवलं. "मागचा लाईट काऊन नाई लावला?" मी म्हटलं, "उजाडलं ना आता." तर म्हणाले, "तुमाले उजाडलं. तो ट्रकवाला रायपूरपासून जागून येऊन राहिला, त्याचं काय?" दुसऱ्या दिवशी मी लाईट लावून गेले, तर, "हा बंद पडला तं?" तेव्हापासून माझ्या सायकलीला मागे दोन लाईट आहेत. कापणीच्या दिवसांत आमच्याकडे डांबरी रस्त्यावरच धान वाळत घालतात, तणस म्हणजे भाताचा पेंढा पसरतात. तणसाखाली दगड आहे की खड्डा, कळत नाही. भाऊ अशा ठिकाणी उतरून सायकल हाती धरून चालत. पोरं हसायची, मला लाज वाटायची, त्यांना कधीच वाटली नाही.

तयारीत वर्ष गेलं आणि आम्ही दोघांनी हजार किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं. ही शर्यत स्वतःच्या भरवशावरची. मागे गाडी नाही, घरचा डबा नाही, पंक्चर झालं तर आपणच काढायचं, झोप कुठे आणि किती घ्यायची तेही आपणच ठरवायचं. सोमवारी सकाळी गोंदियाहून निघायचं, छत्तीसगड, गडचिरोली करून गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत परत यायचं. भाऊंच्या जॅकेटच्या खिशात रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. माझ्याही खिशात त्यांनी तसाच घातला. तीन दिवस आम्ही छान चाललो. गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास अर्जुनी मोरगाव सोडलं तेव्हा ऐंशीएक किलोमीटर उरले होते. वेळ होता, पण मोजकाच.

नवेगावच्या जंगलातला तो सरळ रस्ता मी विसरणार नाही. भाऊ पुढे होते. त्यांची सायकल हळूच मधली पांढरी रेघ ओलांडून उजवीकडे गेली... समोरून एसटी येत होती. मी किंचाळले. त्यांनी झटकन सायकल डावीकडे ओढली, थांबले, खाली उतरले. चेहरा राखेसारखा झालेला. म्हणाले, "मॅडम, मी आता रस्त्यावर नोतोच. डोळा लागला." आणि तिथल्या बसथांब्याच्या शेडमध्ये जाऊन चादर पसरू लागले. मी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं चेहऱ्यावर पाणी मारू, चहा घेऊ, पण निघू या, म्हणून विनवलं. ते म्हणाले, "तुमी निघा. पण आधी सांगा, आज काय वार हाय?"

मी म्हटलं, "बुधवार."

ते चादरीच्या कडेला सरकले फक्त. मग मलाच उमगलं, आज गुरुवार होता, आणि मी सिमेंटच्या बाकावर पडून रडत रडत झोपले.

जाग आली तेव्हा दोन तास उलटले होते. गोंदियाला पोचलो तर टेबल-खुर्च्या आवरून झाल्या होत्या. निकालात आमची नावं नव्हती. वर्षभराचे श्रम एका बसथांब्यावर गेले, असं मला वाटलं. मी दोन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही. मग एक दिवस तेच घरी आले आणि ओसरीत बसून, माझ्याकडे न पाहता सांगू लागले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात दादाराव नावाचा जोडीदार होता. "लाईन बंद हाय, चढ, असं मीच म्हटलं. मले कोणीतरी सांगितलं होतं. मी सोता पाहिलं नोतं..." दादाराव खांबावरून जिवंत उतरला नाही. "तवापासून नुसतं वाटून राहिलं म्हणून मी काही मानत नाई, मॅडम, सोता पाहतो. वाटते तं सगळंच."

त्या दिवशी मला हा माणूस किती मोठा आहे ते कळलं. भीती त्याने लपवली नव्हती, तिला रोज सोबत घेऊन तो इतक्या दूर जात होता. पुढच्या वर्षी आम्ही शर्यत पुरी केली, शेवटून दुसरे. टाळ्या वाजल्या, पण भाऊंचं लक्ष नव्हतं. ते येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, "घरी कसे जाऊन राहिले?" इतक्या जागरणावर कुणी स्वतः गाडी चालवणार म्हटलं की किल्ली काढून घेत. नागपूरचा एक मोठा व्यावसायिक चिडला, ओरडला. भाऊंनी किल्ली खिशात घातली आणि त्याच्यासाठी सतरंजी अंथरली. सकाळी तो पाया पडून गेला.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेले होते. सायकल पुढच्या खोलीत, दाराकडे पाठ करून उभी आहे. हॅण्डलला एक लहानसा गोल आरसा, मागचं दिसावं म्हणून लावलेला. भाऊंच्या पत्नी कांताकाकू रोज पूजा आटोपली की पदराने तो पुसतात. "त्याहीले धूळ चालत नोती," म्हणाल्या. मी सायकलीजवळ उभी राहिले. आरशात उघडं दार, अंगण आणि पलीकडचा रस्ता दिसत होता. धानाची पोती भरलेला एक ट्रॅक्टर येत होता. तो पुरता निघून जाईपर्यंत मी थांबले, आणि मग पायात चपला घातल्या.