कंडक्टरबाईंचं फाटक

कंडक्टरबाईंना बंद दार बघवत नसे. कुणाच्या घरी गेल्या आणि मागून कोणी कडी लावली, की त्या उठून ती काढत आणि मगच चहाला बसत. सगळी नोकरी एसटीत गेली, कन्नड, देवगाव रंगारी, सोयगाव याच रस्त्यांवर. गाडी भरली म्हणून स्टॉपवरचा माणूस मागे सोडला, असं आपल्या हातून कधी झालं नाही, असं त्या ताठ मानेने सांगत. निवृत्त झाल्यावर खाकी कपडे पेटीत गेले, पण "मागं सरका, जागा हाय" हे वाक्य बाहेरच राहिलं. लग्नाच्या पंगतीतही त्या तेच म्हणायच्या आणि लोक खरोखर सरकायचे.

त्यांचं घर आमच्या घराला लागून. आमच्या भागात नळाला पाणी कधी येईल हे विचारायचं नसतं, आलं की भरायचं असतं. बाईंच्या अंगणातल्या बोअरला मात्र मे महिन्यातही पाणी असायचं. व्हरांड्यात बाबासाहेबांचा फोटो आणि बरोबर त्याच्याखाली मोटरचं बटण. गल्लीतल्या बायका हंडे घेऊन यायच्या, बटण दाबायच्या, भरून न्यायच्या. नवीन आलेली एखादी "मावशी, घेऊ का पाणी?" म्हणाली की बाई चिडायच्या. "माझ्या आजीला गावच्या विहिरीची पायरी चढू देत नव्हते. वरून ओततील तेवढंच घ्यायचं. इथं विचारायचं नाय, भरायचं."

मग एकदा मोटरची वायर चोरीला गेली. पुण्याहून मुलाचा, प्रशांतचा, फोन आला की फाटकाला कुलूप लाव. बाईंनी भलंमोठं कुलूप आणलं आणि बायकांची अडचण नको म्हणून चावी सुतळीने फाटकालाच बांधून ठेवली. दुसऱ्यांदा वायर गेली तेव्हा चोर कुलूपही घेऊन गेला, चावीसकट. मी हसले, तर म्हणाल्या, "हसू नको. चोरापायी मी गल्ली तहानलेली ठेवू का?" शेवटी प्रशांतने नंबरावर उघडणाऱ्या स्मार्ट कुलपाची गोष्ट काढली. बाई तयार झाल्या, पण निवड आपणच करणार या अटीवर.

गुलमंडीजवळच्या एका दुकानात आम्ही दोघी गेलो. दुकानदार मोठ्या उत्साहाने म्हणाला, "अम्मा, कितनी भी बारिश आने दो, इसको कुछ नहीं होता."

"बारिश का मत बोल रे. हमारे यां धूप और धूल है, उसका बोल."

त्याने डब्यावरचा आकडा दाखवला. आयपी पासष्ट. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. बाईंना हे फार पटलं. आपल्याकडे धूळच पहिली, हे कुलूप बनवणाऱ्याला कसं कळलं, असं त्यांनी मला विचारलं. काचेच्या पडद्याचं कुलूप मात्र त्यांनी परत केलं. भर उन्हात त्यावरचे आकडे दिसणार नाहीत आणि बोटाला चटका बसेल तो वेगळा. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या कुलपाने तर त्यांचाच अंगठा ओळखला नाही. तिकिटं फाडून फाडून तो गुळगुळीत झाला होता. "माझ्या फाटकात मलाच घेत नाय, तर भांडी घासणाऱ्या शांताबाईला कधी घ्यायचं? राहू दे ते इथंच," म्हणत त्यांनी रबरी बटणांचं कुलूप घेतलं. वरून ऊन लागू नये म्हणून वेल्डरकडून त्याला पत्र्याची टोपी करवून घेतली. प्रत्येक घराने आपापला नंबर ठरवला. कुणाचा कोणता, ते बाईंनी विचारलंसुद्धा नाही.

कुलूप बसवायला प्रशांत आला होता, त्यामुळे नंबर घालण्या-काढण्याचा ताबा त्याच्याच फोनवर राहिला. काही दिवसांनी एका सकाळी शांताबाई फाटकाबाहेर हंडा घेऊन उभ्या. नंबर दाबला की लाल दिवा. बाईंनी तिथूनच फोन लावला.

"प्रशांत, नंबर काढलेस का तू?"

"आई, फाटकातून दिवसभर कोण येतं, कोण जातं, काही धरबंध नाही. तू तिथे एकटी. मला इथे झोप लागत नाही."

"तुझी काळजी खरी हाय रे. पण फाटक माझं हाय," एवढंच म्हणून बाईंनी फोन ठेवला. मग पदर खोचला आणि मला मधल्या भिंतीवरून आत बोलावलं. शांताबाई बाहेरून, आम्ही दोघी आतून, असं आम्ही ते लोखंडी फाटक उचललं आणि कुलपासकट बिजागरीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं. बाईंनी त्याचा फोटो माझ्याकडून प्रशांतला पाठवला आणि बोलून निरोपही धाडला. "कुलूप लई चांगलं हाय. आता पुण्यात बसून लाव, नायतर उघड. तुझी मर्जी."

रविवारी प्रशांत आला. फाटक त्याने स्वतः उचलून बसवलं, सगळे नंबर परत घातले आणि ताबा आईच्या फोनवर दिला. जेवताना बाईंनी त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

गेल्या थंडीत कंडक्टरबाई गेल्या. माझ्यावर त्यांचा एवढा जीव होता, हे त्या असताना मला कळलं नव्हतं. त्या गेल्यावर फार कळलं, आणि अजून रोज कळतं.

आता घर भाड्याने द्यायचं आहे. बघायला येणाऱ्यांना दाखवायचं काम प्रशांतने मला सांगितलंय. परवा एक गृहस्थ आले. त्यांना अंगण आवडलं, बोअर तर फारच आवडला. तेवढ्यात शांताबाईंनी नंबर दाबला, आत आल्या आणि आमच्याकडे न बघता मोटर चालू केली. गृहस्थांच्या कपाळावर आठी आली.

"हे नंबर आधी बदलावे लागतील."

"बदला की," मी म्हटलं. "फाटक बिजागरीतून उचललं की निघतं. तेल मी घालते."